बॅटरी पुन्हा पुन्हा उतरते? नवी घेण्याआधी या क्रमाने तपासा

बॅटरी बदलली, काही महिने बरे गेले आणि पुन्हा तेच रडगाणं सुरू झालं, तर आधी संशय बॅटरीच्या बाहेर घ्यावा. तिला पूर्ण भरू न देणारं किंवा गुपचूप रिकामं करणारं काहीतरी तिथे असतं. ते तसंच राहिलं, तर पुढची बॅटरीही त्याच वाटेने जाते. या लेखाचा भर १२ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीवर आहे, कारण गाडी आणि इन्व्हर्टर दोन्हीकडे ती भेटते आणि तिच्यात हाताने दुरुस्त करण्यासारखं बरंच असतं. लिथियम आणि पेन्सिल सेल यांचं शेवटी थोडक्यात.

लक्षणं आणि त्यांचा रोख

सेल्फ मारल्यावर नुसतं टक-टक होतं आणि त्याच क्षणी दिवे मंदावतात: बॅटरी उतरलेली आहे किंवा टर्मिनल धरत नाही. दिवे झगझगीत राहतात, पण स्टार्टर ढिम्म हलत नाही: बॅटरी सोडा, स्टार्टर, सोलेनॉइड किंवा स्विचकडे वळा.

रोज चालवली तर ठीक, पण दोन-तीन दिवस उभी राहिली की बंद: उभ्या गाडीत कुठेतरी करंट खाल्ला जातोय. रोज लांब चालवूनही उतरते: चार्जिंगमध्ये दोष.

इन्व्हर्टर तासाभरात ‘फुल’ दाखवतो आणि वीज गेल्यावर दहा मिनिटांत झोपतो: बॅटरीची क्षमताच आटली आहे. झटकन भरते आणि झटकन रिकामी होते, म्हणजे आत साठायला जागा उरलेली नाही. याउलट चार्जिंग संपतच नाही, बॅटरी कोमट राहते आणि पाणी सारखं कमी होतं: बॅटरीतल्या सहा कप्प्यांपैकी (सेल) एखादा आतून शॉर्ट झालाय किंवा चार्जर जास्त व्होल्टेज देतोय.

सडक्या अंड्यासारखा वास, फुगलेली पेटी, हात ठेवता येणार नाही इतकी गरम बॅटरी: यात तपासणी नाही. चार्जर भिंतीकडून बंद करा, खिडक्या उघडा, लांब व्हा.

पहिलं काम: जात ओळखणं

फुकट असूनही सर्वांत जास्त टाळली जाणारी तपासणी हीच. एका जातीला जगवणारा उपाय दुसरीला मारतो, म्हणून लेबल वाचल्याशिवाय चार्जर लावू नये.

वर सहा झाकणं किंवा पाण्याची पातळी दाखवणारे फ्लोट असतील, तर ती ओली लेड-ॲसिड. इन्व्हर्टरची उंच ट्युब्युलर बॅटरी याच घरातली. पाणी घालावं लागतं. झाकणं नाहीत आणि लेबलवर ‘एजीएम’, ‘जेल’ किंवा ‘व्हीआरएलए’ लिहिलंय, तर ती सीलबंद. तिच्यात पाणी घालायचं नसतं, आणि वरची पट्टी उचकटून घातलं तर आतले व्हॉल्व्ह बिघडतात. त्याच आकाराची, पण उचलायला निम्म्याहून हलकी आणि लेबलवर १२.८ व्होल्ट असेल, तर ती लिथियम आयर्न फॉस्फेट. तिचे नियम अगदी वेगळे.

चार्जिंगची वरची मर्यादाही जातीनुसार बदलते. ओल्या बॅटरीला साधारण १४.४ ते १४.८ व्होल्ट लागतात, एजीएमला १४.४ ते १४.७, जेलला १४.१ ते १४.२च्या आसपास. जेलला ओल्या बॅटरीच्या सेटिंगवर ठेवलं, तर वायूचे बुडबुडे जेलमध्ये पोकळ्या करतात आणि त्या भरून येत नाहीत. बॅटरीवर छापलेला आकडा वेगळा असेल तर तोच खरा मानावा.

दुसरं: ती कधी पूर्ण भरली जाते का?

गाडी बंद पडली, दुसऱ्या गाडीवरून जंप दिला, अर्धा तास फिरवली आणि ‘चार्ज झाली’ म्हणून उभी केली. वारंवार उतरणाऱ्या बॅटरीमागचं हे ठरलेलं कारण. अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणारा भाग, बॅटरी भरलेली ठेवायला असतो. तळाला गेलेली बॅटरी अर्ध्या तासात भरणं त्याच्याने होत नाही. लेड-ॲसिड शेवटचा वीस टक्के चार्ज फार सावकाश घेते. तो राहिला की प्लेटवरचं मऊ लेड सल्फेट हळूहळू कडक स्फटिकांत बदलतं, आणि कडक झालेला भाग पुन्हा वापरात येत नाही. म्हणजे प्रत्येक अर्धवट चार्जिंगला टाकी थोडी लहान होते.

म्हणून पुढचं काहीही मोजण्याआधी बॅटरी बाहेरच्या चार्जरने एकदा पूर्ण भरा. करंट क्षमतेच्या दहा टक्क्यांच्या आसपास ठेवा: ४५ एएच (अँपिअर-तास) क्षमतेला ४ ते ५ अँपिअर, १५० एएचला १५. पूर्ण उतरलेली असेल तर दहा ते चौदा तास धरा. अर्धवट भरलेल्या बॅटरीवर घेतलेलं कुठलंही माप दिशाभूल करतं.

इन्व्हर्टरच्या बाबतीत इथेच लोडचा हिशोब करून घ्यावा, कारण पुष्कळदा बॅटरी निर्दोष असते आणि अपेक्षाच जास्त असते. १५० एएच गुणिले १२ म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. पण हे १५० एएच सहसा वीस तासांच्या दराने, म्हणजे ७.५ अँपिअरने मोजलेले असतात. ४०० वॅटचा लोड असेल तर इन्व्हर्टरमधली घट धरून बॅटरीतून सुमारे ४० अँपिअर ओढले जातात, आणि इतक्या जोराने ओढलं की हाती येणारी क्षमता घटते. साडेचार तासांऐवजी अडीच तासांच्या आसपासच मिळालं, तर तो बिघाड नाही. लोड दुप्पट केला की वेळ निम्म्याहूनही कमी होतो.

तिसरं: टर्मिनल

खर्च जवळजवळ शून्य, आणि याच पायरीवर सुटलेली प्रकरणं भरपूर. टर्मिनलवरचा पांढरा-निळसर क्षार वीज वाहू देत नाही. स्टार्टर फिरताना शंभराहून जास्त अँपिअर वाहू शकतात. १०० अँपिअरला सांध्यात ०.०१ ओहमचा अडथळा असला तरी एक व्होल्ट तिथेच जळतो. चार्जिंगच्या वेळी तोच अडथळा चार्जरला फसवतो: चार्जरच्या टोकाला व्होल्टेज पूर्ण दिसतं, बॅटरीला मात्र कमी पोहोचतं.

काम करण्याआधी अंगठी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढा. डोळ्यांना चष्मा, हातात रबरी मोजे. गाडीची किल्ली काढलेली हवी. इन्व्हर्टर असेल तर त्याचा स्विच आणि भिंतीवरचा पुरवठा दोन्ही बंद. सोडताना निगेटिव्ह आधी, जोडताना निगेटिव्ह शेवटी. कारण साधं आहे: गाडीची सगळी बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. निगेटिव्ह जोडलेला असताना पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला, तर सरळ शॉर्ट.

पाव लिटर कोमट पाण्यात एक मोठा चमचा खाण्याचा सोडा घाला आणि जुन्या ब्रशने लावा. फेस थांबेपर्यंत घासा, मग साध्या पाण्याने पुसून कोरडं करा. ओल्या बॅटरीची झाकणं या वेळी घट्ट बसलेली हवीत. सोडा आत गेला तर ॲसिड निष्प्रभ होतं. मग वायर ब्रशने किंवा पॉलिश पेपरने पोस्ट (बॅटरीवरचा शिशाचा खुंट) आणि त्यावर बसणाऱ्या क्लॅम्पची आतली बाजू चकचकीत करा. क्लॅम्प हाताने हलणार नाही इतका आवळा, पण शिसं मऊ असतं, बळ लावू नका. पेट्रोलियम जेली क्लॅम्प आवळून झाल्यावर बाहेरून लावायची, आधी नाही.

केबलचं दुसरं टोक, म्हणजे बॉडीवरचा अर्थिंगचा बोल्ट, लोक विसरतात. तोही सोडून घासा. केबल क्लॅम्पजवळ फुगलेली किंवा हिरवी पडली असेल, तर क्षार इन्सुलेशनच्या आत शिरलाय. ती बदलावीच लागते.

क्षार एकाच टर्मिनलवर दर महिन्याला परत येत असेल, तर पोस्टच्या बुडातून ॲसिड झिरपतंय किंवा चार्जिंग जास्त होतंय. नुसतं पुसत राहून ते थांबणार नाही.

चौथं: पाण्याची पातळी (फक्त ओली बॅटरी)

प्लेट उघड्या पडल्या की तेवढा भाग वाळतो आणि कायमचा जातो. डिस्टिल्ड किंवा डिमिनरलाइज्ड पाणीच घाला. नळाच्या, विहिरीच्या किंवा नुसत्या फिल्टरच्या पाण्यातले क्षार आणि लोह प्लेटवर बसून बॅटरी आतल्या आत उतरवतात. ॲसिड कधीच घालायचं नाही: उडून जातं ते पाणी, ॲसिड आतच राहतं.

पूर्ण पातळीपर्यंत पाणी चार्जिंग झाल्यावर भरावं. चार्ज होताना द्रव फुगतो. आधीच काठोकाठ भरलं तर ॲसिड बाहेर येतं, टर्मिनल खातं आणि आतलं द्रावण पातळ होतं. प्लेट उघड्या असतील तर चार्जिंगआधी त्या बुडतील एवढंच घाला.

कोणता सेल किती पाणी पितो याची नोंद ठेवा. सहाही सेल सारखंच, पण भरपूर पीत असतील तर चार्जरचं व्होल्टेज जास्त आहे किंवा जागा फार गरम आहे. एकच सेल पीत असेल तर दोष त्या सेलमध्ये.

पाचवं: मल्टिमीटर

साधा डिजिटल मल्टिमीटर इथून पुढे लागतोच. पूर्ण चार्ज केलेली बॅटरी सगळ्या वायरी सोडून चार ते सहा तास तशीच ठेवा, मग डीसी व्होल्टेज मोजा. चार्जरवरून काढल्याबरोबर मोजलं तर वरवरचा फुगवटा दिसतो, मरायला टेकलेली बॅटरीसुद्धा १३ दाखवते.

ओल्या बॅटरीत १२.६ ते १२.७ म्हणजे पूर्ण, १२.४ म्हणजे सुमारे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे पाव. ११.८च्या खाली ती रिकामीच. भरलेली एजीएम १२.८ ते १२.९पर्यंत दाखवते, तेव्हा तिच्यात १२.५ हे समाधानाचं कारण नाही. पूर्ण चार्जनंतरही आकडा १०.५च्या आसपास अडकला असेल, तर सहापैकी एक सेल शॉर्ट झाला: एका सेलचे २.१ व्होल्ट गेले. त्या बॅटरीवर आणखी वेळ घालवू नका.

मग तशीच आणखी चोवीस तास ठेवा. काहीही जोडलेलं नसताना दोन-तीन दशांश व्होल्ट उतरली, तर गळती तिच्या आतच आहे. निरोगी लेड-ॲसिड साधारण तापमानाला महिन्याला चार्जच्या काही टक्क्यांपुरतीच आपोआप उतरते.

दोन किंवा जास्त बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट वा त्याहून वरची बँक केली असेल, तर प्रत्येकीचं माप वेगळं घ्या. त्यांतली एकच बदलून नवी-जुनी जोडी करणं हे नवी लवकर मरण्याचं हमखास कारण: एकीला जास्त चार्ज मिळत राहतो, दुसरी अर्धपोटी. बँक बदलायची तर एकाच बनावटीची, एकाच वयाची, सगळी एकदम.

सहावं: चार्जिंग व्होल्टेज आणि लोड

गाडी सुरू करून थोडी रेस ठेवा आणि मीटर थेट बॅटरीच्या पोस्टवर धरा, क्लॅम्पवर नको. १३.८ ते १४.७ दिसायला हवेत. दिवे, पंखा, मागची काच गरम करणारं बटण, सगळं चालू केल्यावरही १३.५च्या वर राहायला हवं. नव्या गाड्यांत संगणक इंधन वाचवायला व्होल्टेज मुद्दाम खाली आणतो. सगळे लोड चालू करून आकडा वर चढला तर ते सामान्य. इंजिन चालू असताना १३च्या खाली म्हणजे बेल्ट, अल्टरनेटर किंवा वायरिंग. १५च्या वर म्हणजे रेग्युलेटर गेला, आणि तो बॅटरी उकळतोय. अल्टरनेटर तपासायला चालू इंजिनवर बॅटरीची केबल काढून पाहण्याची जुनी पद्धत आता वापरू नका. त्या झटक्यात व्होल्टेज उसळून महागडे कंट्रोल युनिट जळतात.

इन्व्हर्टरच्या बॅटरीला फुल झाल्यावर १३.५ ते १३.८ व्होल्टचा फ्लोट, म्हणजे भरलेली बॅटरी भरलेलीच ठेवणारं कमी व्होल्टेज, मिळायला हवा. आठवडाभर १४.४ वरच अडकलेला इन्व्हर्टर पाणी उडवतो, १३.२ वर थांबणारा बॅटरीला उपाशी ठेवतो. दोन्ही वेळा शिव्या बॅटरीला बसतात.

आता लोड. दुसऱ्या कोणाला सेल्फ मारायला सांगा आणि पोस्टवरचं व्होल्टेज बघा. भरलेली बॅटरी ९.६च्या खाली कोसळत असेल तर ती थकली आहे. ती १०.५च्या वर राहते, पण स्टार्टर जड फिरतो? मग मीटरचं एक टोक निगेटिव्ह पोस्टवर आणि दुसरं इंजिनच्या धातूवर धरून पुन्हा सेल्फ मारा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थिंगची वाट खराब.

सातवं: हायड्रोमीटर

हे आतल्या ॲसिडची घनता मोजतं. ओल्या बॅटरीत सेलनिहाय खरं सांगणारं हे एकच स्वस्त साधन. गाडीच्या बॅटरीत भरलेल्या सेलचं विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या तुलनेतली घनता) १.२६५च्या आसपास असतं, अर्ध्यावर १.१९०. ट्युब्युलरमध्ये भरलेलं १.२४०च्या सुमारासही असू शकतं, तेव्हा लेबल पाहा. पाणी घातल्याबरोबर मोजू नका. चार्ज होऊन ते मिसळलं पाहिजे. एकूण आकड्यापेक्षा सेलमधला फरक महत्त्वाचा. सगळे सेल सारखेच कमी असतील तर अजून चार्ज हवा. एक सेल इतरांपेक्षा ०.०५०ने खाली असेल आणि पूर्ण चार्जनंतरही तसाच, तर तो सेल संपला.

आठवं: उभ्या गाडीतली गळती

सर्वांत वेळखाऊ, म्हणून शेवटी. पण ‘दोन दिवस उभी राहिली की बंद’ हे लक्षण असेल तर उत्तर बहुधा इथेच मिळतं.

बॉनेट उघडा आणि त्याचं कुलूप स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद करा, म्हणजे गाडीला ते बंद वाटेल. किल्ली लांब ठेवा. निगेटिव्ह क्लॅम्प सोडा, मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर लावा. लाल टोक क्लॅम्पला, काळं पोस्टला. सुरुवातीला काही अँपिअर दिसतील. अर्धा ते एक तास थांबा, कारण आतली युनिट एकेक करून झोपतात. मीटर असा जोडलेला असताना दार उघडू नका आणि सेल्फ तर मुळीच मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. हातात डीसी क्लॅम्प मीटर असेल तर केबल सोडायचीही गरज नाही.

शेवटी आकडा ५० मिलीअँपिअरच्या आत यायला हवा. ५० मिलीअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ एएच, ४५ एएचची बॅटरी अर्धी व्हायला अडीच आठवड्यांहून जास्त लागतात. तोच आकडा अर्धा अँपिअर असेल तर दिवसाला १२ एएच, म्हणजे दोन दिवसांत अर्ध्याहून जास्त खलास.

दोषी शोधायला फ्यूज उपटत बसू नका. परत लावताना झोपलेली युनिट जागी होतात आणि आकडा बदलतो. त्याऐवजी मीटर मिलीव्होल्टवर घेऊन प्रत्येक फ्यूजच्या माथ्यावरच्या दोन उघड्या टोकांमध्ये मोजा. शून्य नसेल तिथून करंट वाहतोय. ठरलेले गुन्हेगार: नंतर बसवलेला डॅशकॅम, म्युझिक सिस्टिम, ट्रॅकर, डिकीचा न विझणारा दिवा, चिकटलेला रिले. सगळे फ्यूज शांत असूनही करंट दिसत असेल तर संशय अल्टरनेटरच्या डायोडवर. तिथपासून ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम.

लिथियमवाल्यांसाठी

लिथियमच्या १२ व्होल्ट बॅटरीवर वरची व्होल्टेजची उतरंड लावू नका. चार्ज नव्वद टक्के असो वा चाळीस, ती १३.१ ते १३.३च्या पट्ट्यातच बसते. टर्मिनलवर अचानक शून्य दिसलं तर घाबरू नका: आतल्या बीएमएसने, म्हणजे बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटने, स्वतःच पुरवठा तोडलेला असतो. लोड काढा आणि लिथियमचाच चार्जर लावा. लेड-ॲसिड चार्जरचा ‘डिसल्फेशन’ किंवा ‘इक्वलाइज’ मोड इथे चालत नाही. शून्य अंश सेल्सिअसखाली चार्ज करायचं नाही. धातूरूप लिथियम आत साचून पुढे शॉर्ट होतो.

फोन-लॅपटॉपच्या लिथियम-आयनमध्ये तीस टक्क्यांवरून थेट बंद होणं हे नेहमीचं लक्षण. क्रम असा: केबल बदला, चार्जर बदला, सेटिंगमध्ये बॅटरी हेल्थ पाहा, मग एकदा पूर्ण भरून पूर्ण उतरवा म्हणजे टक्केवारीचा अंदाज सुधारेल. हेल्थ ८० टक्क्यांच्या खाली असेल तर बॅटरी बदलणं हाच इलाज. तिला सर्वांत जास्त झिजवते ती उष्णता, त्यातही १०० टक्के भरलेल्या अवस्थेतली. महिनोन्‌महिने ठेवून द्यायची असेल तर चाळीस-पन्नास टक्क्यांवर ठेवा. फुगली, तर दाबू नका, टोचू नका, चार्ज करू नका. उपकरण बंद करून न पेटणाऱ्या पृष्ठभागावर ठेवा.

पेन्सिल सेल

रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेल १.२ व्होल्टचा असतो. भरलेला असूनही काही उपकरणं ‘बॅटरी लो’ म्हणतात, कारण ती १.५ व्होल्ट धरून बनवलेली असतात. हा दोष नव्हे. बरेच महिने पडून सुस्तावलेला सेल दोन-तीनदा भरून-उतरवून पुष्कळदा ताळ्यावर येतो. नवे-जुने मिसळू नका. कमकुवत सेल आधी संपतो आणि बाकीचे त्याला उलट्या दिशेने ढकलतात.

अल्कलाइन सेल गळला तर बाहेर येतं ते ॲसिड नसतं, अल्कली असते. तिथे खाण्याचा सोडा निरुपयोगी. व्हिनेगर किंवा लिंबाचा रस कापसाच्या काडीवर घेऊन पुसा, नंतर कोरडं करा. अल्कलाइन सेल चार्जरमध्ये टाकू नयेच.

इथे थांबा

पेटीला तडा आहे, बाजू फुगल्या आहेत, चार्ज होताना एकच भाग तापतो: माणूस बोलवा. २४ व्होल्टपेक्षा मोठी बँक असेल आणि वायरिंगचा नकाशा नसेल, तरी तेच. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतल्या नारिंगी केबलना हात लावू नका. तिथलं व्होल्टेज शेकड्यांत असतं, आणि गाडी बंद केल्यावरही काही वेळ जीवघेणं असतं. लिथियम पॅक उघडून एकेक सेल बदलणं घरचं काम नाही, आणि २ व्होल्टच्या खाली गेलेला लिथियम-आयन सेल जिवंत करण्याचा प्रयत्न कुणीच करू नये. ॲसिड डोळ्यांत गेलं तर वाहत्या पाण्याखाली किमान पंधरा मिनिटं धुवा आणि डॉक्टरकडे जा. लहान मुलाने बटण सेल गिळल्याची शंका जरी आली, तरी वाट न पाहता हॉस्पिटल; तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही खोल भाजतो.

इलेक्ट्रिशियनकडे जाताना चार आकडे लिहून न्या: सहा तास ठेवल्यानंतरचं व्होल्टेज, इंजिन चालू असतानाचं, सेल्फ मारतानाचं आणि उभ्या गाडीतला करंट. इन्व्हर्टर असेल तर फ्लोट व्होल्टेज, प्रत्येक सेलचं गुरुत्व आणि नेहमीचा लोड किती वॅट. हे हातात असताना तो थेट ‘नवी टाका’ म्हणाला, तर यातल्या कोणत्या आकड्यावरून, एवढं विचारा.